तुम्ही विचारलंत म्हणून: अनुभव वजा केला तर ज्ञान उरतं का?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो: अनुभवाशिवाय ज्ञान असू शकतं का? विचारणाऱ्याचा कल बहुतेक वेळा ‘नाही’कडे असतो आणि त्यामागचा युक्तिवादही ठरलेला असतो. ज्या माणसाने जन्मापासून काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, कशाला हातही लावला नाही, त्याला दोन अधिक दोन चार हे तरी कसं कळणार?

नाहीच कळणार. पण त्यामुळे प्रश्न निकालात निघत नाही, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एखादी गोष्ट मला समजली कशी, हा एक. ती खरी आहे असं मी कशाच्या आधारावर म्हणतो, हा दुसरा. भाषा, आकडे, चौरस म्हणजे काय ही समज अनुभवातूनच येते, यावर कोणी गंभीरपणे वाद घालत नाही. वाद आहे तो आधाराबद्दल. जर्मन तत्त्वज्ञ कांटने ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच हे स्पष्ट केलं: सगळं ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातूनच उपजतं असं नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. अनुभवावर न टेकणारं ज्ञान असतं. पण ते थोडं असतं, आणि लोकांना ते ज्या कामासाठी हवं असतं त्या कामाला सहसा येत नाही.

ते ओळखायचं कसं? विधानाच्या विरोधात जाणारं निरीक्षण समोर ठेवायचं आणि आपण चूक कोणाच्या माथी मारतो ते बघायचं. ‘सगळे कावळे काळे असतात’ हे विधान एक पांढरा कावळा दिसला की मोडतं. आता ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल एकत्र करा. मिश्रण १०० भरत नाही, साधारण ९६-९७ मिलिलिटर भरतं, कारण दोन्हींचे रेणू एकमेकांच्या जवळ सरकून बसतात. हे पाहून ‘५० अधिक ५० म्हणजे १०० नव्हे’ असं कोणी म्हणतं का? नाही. ‘द्रव मिसळले की त्यांच्या घनफळांची सरळ बेरीज होते’ ही समजूत आपण सोडतो. ती समजूत अनुभवाची होती, म्हणून अनुभवाने गेली. बेरीज जागची हलली नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला हे मान्य नव्हतं. १८४३ मध्ये त्याने अंकगणितसुद्धा खडे, गोट्या मोजून केलेलं फार मोठं सामान्यीकरण आहे असं मांडलं. १८८४ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने त्याला उलट विचारलं: ७,७७,८६४ या संख्येमागचं निरीक्षण कोणतं, आणि ते कोणी केलं? मला फ्रेगेचं पटतं. खडे मोजून मूल बेरीज शिकतं. पण दोन मोठ्या संख्यांच्या बेरजेबद्दल शंका आली तर आपण खडे गोळा करत नाही, आकडेमोड पुन्हा तपासतो.

जवळून बघायचं तर प्लेटोच्या ‘मेनो’ संवादातली आकृती अजूनही सगळ्यात चांगली. कागद घ्या आणि काढाच. दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस हवा आहे. भूमिती न शिकलेला गुलाम मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. बाजू चार, क्षेत्रफळ सोळा, फारच झालं. मग तो तीन म्हणतो. नऊ, तरीही जास्त. आता मूळ चौरसाला तसेच तीन जोडून चार फुटांचा मोठा चौरस करा. प्रत्येक लहान चौरसात एकच कर्ण काढा, तोही असा की चार कर्ण मिळून मध्ये एक तिरका चौरस तयार होईल. कर्ण प्रत्येक चौरसाचे बरोबर दोन भाग करतो, एक भाग दोन चौरस फुटांचा. तिरक्या चौरसात असे चार भाग आले. आठ.

यात डोळ्यांनी काय केलं? आकृती नजरेसमोर धरली, एवढंच. रेघा वाकड्या आल्या असतील, एखादी बाजू बोटभर मोठी असेल. सिद्धतेला त्याने फरक पडत नाही. पट्टी लावून कर्ण २.८ फूट भरला काय किंवा २.९ भरला काय, दोष रेघेचा. मोजमाप इथे साक्षीदार म्हणून उभंच नाही. (यावरून प्लेटो म्हणतो की आत्म्याला आधीच कळलेलं फक्त आठवतं. त्याची गरज नाही. आठवण म्हटली की आधी कधीतरी ते शिकावं लागलंच, म्हणजे प्रश्न फक्त मागे ढकलला.)

पण याच भूमितीने पुढे मोठा दगा दिला, आणि ‘अनुभवावर न टेकणारं’ म्हणजे ‘कधीच न चुकणारं’ असं मानणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायला हवा. आपण ज्या अवकाशात राहतो तो युक्लिडच्या नियमांनीच चालतो, हे कांटला अनुभवाआधीच पक्कं वाटत होतं. १८२९-३२ च्या सुमारास लोबाचेव्हस्की आणि बोल्याय या गणितज्ञांनी समांतर रेषांचं गृहीतक बदलूनही सुसंगत भूमिती उभी करता येते हे दाखवलं. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता असं मांडलं, आणि सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वळतो हे १९१९ च्या सूर्यग्रहणात मोजलं गेलं. चूक नेमकी कुठे झाली? ‘ही गृहीतकं धरली तर हा निष्कर्ष निघतो’ हा भाग आजही तितकाच पक्का आहे. ‘आपलं जग त्या गृहीतकांना धरून आहे’ हा भाग दुर्बिणीने ठरवायचा होता. दोन्ही एकाच पोतडीत भरल्यामुळे दुसऱ्यालाही पहिल्याची खात्री मिळाली.

आणखी दोन गफलती नेहमी होतात. पहिली, जन्मजात म्हणजे अनुभवनिरपेक्ष ज्ञान असं समजणं. १९९२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर पडद्यामागे एकापाठोपाठ एक अशा दोन बाहुल्या ठेवल्या आणि पडदा काढताना काही वेळा एकच बाहुली दाखवली. बाळं त्या चुकीच्या दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. प्रयोग सुंदर आहे, पण त्याने आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उत्क्रांतीने मेंदूत एखादी अपेक्षा बसवून दिली असेल, तरी ती खरी मानायला आधार काय, हे उरतंच. जन्मजात अपेक्षा चुकीचीही असू शकते.

दुसरी गफलत अधिक खोल आहे: जे अन्यथा असूच शकत नाही ते अनुभवाशिवायच कळत असणार, हा समज. पहाटेचा तेजस्वी ‘तारा’ आणि संध्याकाळचा ‘तारा’ दोन्ही शुक्रच. हे एकच आहेत हे आकाश निरखूनच कळलं, घरात बसून कोणाला कळलं नसतं. तरीही शुक्र शुक्राहून वेगळा असू शकला असता असं म्हणण्यात काही अर्थ नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिपकेने १९७० च्या व्याख्यानांत हे दाखवल्यापासून अनिवार्यता (अन्यथा असूच न शकणं) आणि अनुभवनिरपेक्षता यांची जोडी फुटली.

आपल्या परंपरेत याचं उत्तर शोधणारे बहुधा योग्यांचा साक्षात्कार पुढे करतात. तो इथे बसत नाही. योगिप्रत्यक्ष हे नावाप्रमाणेच प्रत्यक्ष, म्हणजे थेट जाणवलेलं, आहे. साधन असामान्य असेल, पण तो अनुभवच. न्यायदर्शनातल्या अनुमानाला व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा न चुकणारा संबंध, लागते, आणि ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती स्वयंपाकघरात पाहूनच येते. अनुमान मांडायच्या पाच पायऱ्यांच्या पंचावयवी वाक्यात उदाहरण सक्तीचं आहे ते काही उगाच नाही. सगळे धूर कोणी पाहिलेत, हा चार्वाकाचा आक्षेप म्हणूनच बोचतो. याला तोडीस तोड उत्तर मला धर्मकीर्तीत दिसतं, सातव्या शतकातल्या बौद्ध तर्कशास्त्रज्ञात. ‘हा वृक्ष आहे, कारण ही शिंशपा आहे.’ (शिंशपा ही एका झाडाची जात.) इथला संबंध पुन्हा पुन्हा पाहून बसलेला नाही. शिंशपा असणं यातच वृक्ष असणं आलं. कांटच्या भाषेत हे विश्लेषक विधान, म्हणजे शब्दाच्या अर्थातूनच खरं ठरणारं, म्हणता येईल, पण ओढूनताणून. धर्मकीर्ती बोलतोय वस्तूंच्या स्वभावाबद्दल.

अनुभवावर टेकणारी आणि न टेकणारी विधानं हा सगळा भेदच अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनने १९५१ मध्ये नाकारला. त्याच्या मते कोणतंच विधान अनुभवाच्या माऱ्यापासून कायमचं सुरक्षित नाही, प्रसंगी तर्काचे नियमही बदलावे लागतील. अर्धं मान्य. पण काय बदलायचं हे ठरवताना ‘हे निरीक्षण त्या विधानाशी विसंगत आहे’ एवढं तरी म्हणावं लागतं, आणि ही विसंगती कोणत्या निरीक्षणाने दिसली असं विचारलं तर उत्तर देता येत नाही.

आता मूळ विचारणाऱ्याच्या मनातला प्रश्न, जो बहुतेकदा शेवटी बाहेर येतो: मग नुसत्या विचाराने ईश्वर, आत्मा सिद्ध होतील का? इथे मात्र कांटशी मी पूर्ण सहमत. मनातल्या शंभर थॅलरच्या (तेव्हाचं जर्मन नाणं) कल्पनेत आणि खऱ्या शंभर थॅलरमध्ये, आशय म्हणून, एका नाण्याचाही फरक नाही. फरक पडतो तो खिशाला. कल्पना कितीही परिपूर्ण करा, तिच्यातून अस्तित्व गाळून निघत नाही. चौरस असेल तर कर्णावरचा चौरस त्याच्या दुप्पट, हे कळतं. जगात चौरस वस्तू आहे की नाही, हे बघावंच लागतं.

अपवाद म्हणून देकार्तचं ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ पुढे केलं जातं. इथे अस्तित्व खरंच सिद्ध होतं, पण कशाच्या आधारावर? मी विचार करतोय या जाणिवेच्या. अनुभव म्हणजे फक्त पाच इंद्रियं असं धरलं तर हा अपवाद टिकतो. मनालाही इंद्रिय मानून, नैयायिकांसारखं (न्यायदर्शनाच्या अनुयायांसारखं) मानस प्रत्यक्ष, म्हणजे मनाने घेतलेला अनुभव, मोजलं, तर हेही अनुभवाच्याच खात्यात जमा होतं. मी ते तिथेच जमा करतो.