रन बघून झाल्यावर

जुलै सरत आला की संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन यायला लागतात. "ताई, शनिवारी आमचा रन आहे. बघून जरा सांगाल का?" रन म्हणजे मध्ये न थांबता केलेली अख्ख्या नाटकाची तालीम. नंबर कुणाच्या तरी सिनिअरने दिलेला असतो. १९६३ पासून पुण्यातल्या कॉलेजांचा पावसाळा पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत जातो, आणि ज्यांनी कधीकाळी भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून घाम गाळलाय, त्यांना हे फोन चुकत नाहीत. मी दिवसा लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरते आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते. त्यामुळे माझा अधिकार तो काय, पण पोरं बोलावतात आणि मी जाते.

वर्गातले बाक भिंतीला सरकवलेले असतात. रन संपतो, सगळे घामेजलेले जमिनीवर गोल करून बसतात, वह्या उघडतात आणि म्हणतात, "बोला. बिनधास्त शिव्या घाला, आम्हाला चालेल."

मी शिव्या घालत नाही. पुण्यात कौतुक करायची लोकांना जरा लाजच वाटते, आणि जो जास्त फाडतो त्याला जास्त कळतं असा एक समज आहे. मला तो पटत नाही, आणि त्यात माझ्या चांगुलपणाचा काही भाग नाही. साधा हिशोब आहे. प्रयोग आठवड्यावर आलेला असतो. तेवढ्यात एंट्री बदलता येते, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवता येतो, संहितेतलं एखादं पान कापता येतं. "मुळात विषयच शिळा आहे" हे ऐकून त्यांनी काय करायचं? ते स्पर्धा झाल्यावर चहा पिताना सांगावं. आदल्या रात्री बोलावलंत तर मी फक्त "छान झालं" म्हणते, कारण त्या रात्री दुसऱ्या कशाचाच उपयोग नसतो.

एरवी मात्र नुसतं "छान" म्हणजे काहीच न बोलण्यासारखं आहे. "एनर्जी मस्त होती" हे तर त्याहून वाईट. मी रन बघताना कागदावर मत लिहीत नाही, दिसलं ते लिहिते. "मुलगा पत्र लपवतो, कुठे ते दिसलं नाही." "बहीण आली की सगळे डावीकडे गोळा." आणि बोलायला लागले की आधी गोष्ट सांगते, मला कळली तशी. एकदा मी ज्याला नवरा समजून बसले होते तो निघाला भाऊ. सगळे खो खो हसले, पण दिग्दर्शकाने लगेच वहीत काहीतरी लिहून घेतलं.

गेल्या वर्षीच्या एका एकांकिकेत आई झालेली मुलगी चादरीची घडी घालत मुलाशी बोलते. रनमध्ये ती वाक्य विसरली. थांबली नाही, घडी घालत राहिली. दोन्ही कडा जुळवल्या, अंगठ्याने सुरकुती मोडली, मग मान वर केली आणि वाक्य आलं. अख्ख्या नाटकात तेवढ्या वेळात ती आई वाटली. माझ्या शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी तिला तिथल्या तिथे सांगितलं, "काय पॉज घेतलास गं!" दुसऱ्या रनला तिने तोच पॉज घेतला, चांगला लांबवून, समोर बघत. चादर हातात नुसती लोंबत होती. निघताना मी तिला एवढंच म्हटलं, "या बाईला चादर नीटनेटकी लागते. घडी झाल्याशिवाय तिला बोलायला सुचत नाही." नटाला करायला काम द्यावं. ते कसं दिसलं ते दिग्दर्शकाला सांगावं.

लेखक कोपऱ्यात बसलेला असतो आणि त्याच्याशी कुणीच बोलत नाही. याच नाटकात वडील गेल्याचं कळल्यावर आजी विचारते, "गॅस बंद केलास का?" मी त्याला सांगितलं, की या वाक्याला माझं लिहिणं थांबलं. त्याचे कान लाल झाले. मग म्हटलं, "आता त्याच्यानंतरचं स्वगत बघ. आजीने जे एका वाक्यात केलं, तेच तू परत दीड पानात करतोयस." त्याने वाद न घालता पान दुमडलं. आधी वाक्याचं कौतुक झालं नसतं तर त्या दीड पानासाठी तो माझ्याशी रात्रभर भांडला असता, आणि मीही त्याच्या वयात तेच केलं असतं.

२०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. त्यावरून माझं आणि माझ्या मैत्रिणीचं अजून वाजतं. ती म्हणते, दर्जा राखायचा तर हे कधीतरी करावंच लागतं. परीक्षकांना तो अधिकार आहे हे मलाही मान्य आहे. पण नकार देताना होकारापेक्षा जास्त शब्द खर्च करावे लागतात असं माझं म्हणणं. 'सत्यकथा' मासिकाकडून कथा साभार परत यायची ती लेखकाच्या जिवाला लागायचीच, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे, कथा कुठे अडली ते सांगायचे. अशा पत्रावर घरी बसून काम तरी करता येतं.

राहता राहिली बॅकस्टेजची मंडळी, आणि इथे मी उघड पक्षपात करते. वर्गात कुठले आलेत दिवे? एक मुलगी दाराशी उभी राहून तोंडाने "ब्लॅकआउट" म्हणत होती. शेवटच्या प्रवेशात ती दर वेळी वाक्य संपल्यावर एक श्वास थांबून म्हणायची. मी तिला सांगितलं, स्टेजवरही अस्साच दे.

"ताई, तो उशीर चुकून होत होता. मी बघतच राहायचे."

"मग आता मुद्दाम कर."

यावर चादरवाली हसून म्हणाली, "मी मुद्दाम केलं तेव्हा मात्र तुम्हाला नाही आवडलं!" बरोबर होतं तिचं. पण दिव्याला भाव खाता येत नाही.