ब्रिटनमध्ये ओडीपी झाले, त्या तीन वर्षांचा माझा अनुभव

आईला फोनवर मी निदान दहा वेळा सांगितलं असेल की मी नर्स नाहीये आणि डॉक्टर पण नाहीये, मी ओडीपी आहे, म्हणजे ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर. तरी ती सगळ्यांना "पोरगी तिकडे ऑपरेशनची नर्स आहे" असंच सांगते. तिचं काही चुकत नाही, इथे ब्रिटनमध्ये पण खूप लोकांना हे काम माहीत नसतं, कारण पेशंटला आम्ही भेटतो ते भूल चढायच्या आधी पाच-दहा मिनिटं आणि मग शुद्धीवर येताना, जे त्याला नंतर धड आठवत पण नाही.

थोडक्यात सांगते. भूल देताना ॲनेस्थेटिस्टच्या, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरच्या बाजूला उभं राहायचं, ऑपरेशन चालू असताना स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाऊन-हातमोजे घालून, सर्जनला इन्स्ट्रुमेंट द्यायची, आणि नंतर रिकव्हरीत पेशंट पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सांभाळायचा. तिन्ही शिकावं लागतं. 2004 पासून यासाठी सरकारी नोंदणी लागते, आता ती एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल) या संस्थेकडे असते, आणि नोंदणी नसताना स्वतःला ओडीपी म्हणवून घेणं हा गुन्हा आहे.

मी आधी चार वर्षं ऑपरेशन थिएटरमध्येच सपोर्ट वर्कर होते. ट्रॉल्या ढकलायच्या, पेशंट आणायचा-न्यायचा, फरशी पुसायची, हेच. तिथे बघून बघून वाटायला लागलं की हे मला जमेल. आमच्याकडे डिग्री अप्रेंटिसशिप होती, म्हणजे पगार चालू, फी भरायची नाही, आणि तीन वर्षांनी बीएससी. इंडियातल्या माझ्या सर्टिफिकेटांची बरोबरी काढून घेणं, पोलीस चेक, हिपॅटायटिस बीची लस, इंटरव्ह्यू, यात काही महिने गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कागद वेळेत जमवले की होतं सगळं.

खरं शिक्षण सुरू झालं ॲनेस्थेटिक रूममध्ये. रोज सकाळी लिस्ट, म्हणजे त्या दिवसाची ऑपरेशनं, सुरू व्हायच्या आधी भुलीचं मशीन तपासायचं असतं आणि वहीत सही करायची असते. तिसऱ्या आठवड्यात मी ते एकटीने केलं. मशीनचा सेल्फ-टेस्ट पास झाला, सक्शन चाललं, ऑक्सिजनचा सिलेंडर भरलेला, व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारे डबे) नीट बसलेले, मी सही करायला पेन उघडलं आणि माझ्या मेंटॉरने विचारलं, "हाताने दाबायची बॅग कुठे आहे?" म्हणलं, मागे अडकवलेली असते ना. ती म्हणाली, "पाहिलीस, की असेल असं वाटलं?" मी मागे जाऊन बघितलं तर हुक रिकामा. आदल्या रात्रीच्या इमर्जन्सीत कोणीतरी नेलेली आणि परत आणली नव्हती. मशीन बंद पडलं, गॅसची लाइन गेली, तर पेशंटला श्वास द्यायला शेवटी तीच बॅग हातात असते, आणि मशीनचा सेल्फ-टेस्ट ती आहे का नाही हे सांगत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते. मेंटॉर रागावली नाही. मी बॅग आणली, जोडून दाबून बघितली, मगच सही केली. पण तिचं ते वाक्य मला पुढची तीन वर्षं पुरलं.

दुसरी गोष्ट क्रिकॉइड प्रेशरची. पोट भरलेलं असताना भूल द्यावी लागली तर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायची भीती असते, म्हणून श्वासनलिकेत ट्यूब बसेपर्यंत गळ्याच्या एका कुर्चेवर बोटांनी दाब द्यायचा, आणि तो आम्ही देतो. पेशंट जागा असताना 10 न्यूटन, शुद्ध गेल्यावर 30. वाचून काही कळत नाही की हे म्हणजे नेमकं किती. मग मी किचनचा वजनकाटा घेतला, कारण 10 न्यूटन म्हणजे साधारण 1 किलो आणि 30 म्हणजे 3 किलो, आणि रोज रात्री काट्याकडे न बघता तीन बोटांनी दाबायचं आणि मग आकडा बघायचा. पहिल्यांदा मला वाटलेलं 3, काटा दाखवत होता 5 च्या वर. एवढ्याने तर डॉक्टरला ट्यूब घालायला स्वरयंत्रच नीट दिसणार नाही. दोन-तीन आठवडे केलं तेव्हा कुठे बोटांना अंदाज आला.

दुसऱ्या वर्षी स्क्रब. इथे सगळा जीव काउंटमध्ये, म्हणजे मोजणीत. स्वॅब, म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे, पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, लाल दोऱ्याने बांधलेले, प्रत्येकात एक्स-रेत दिसणारी रेघ असते. सुरुवातीला दोघांनी मिळून मोठ्याने मोजायचे, बोर्डावर लिहायचे, पोट बंद करताना परत, कातडी शिवताना परत. एका पोटाच्या ऑपरेशनमध्ये बोर्डावर 15 मोठे स्वॅब होते आणि माझ्याकडे 14 भरले. परत मोजले, 14. सर्जनने टाके घालायला घेतले होते आणि लिस्ट आधीच उशिरा चाललेली. माझं तोंड मास्कच्या आत कोरडं पडलं. पण मी म्हणाले, "काउंट जुळत नाहीये, एक मोठा स्वॅब कमी आहे, प्लीज थांबा." सर्जन म्हणाले, "आत काही नाही, मी बघितलंय." मी परत तेच म्हणाले. ते थांबले, हात घालून पुन्हा सगळीकडे बघितलं, तोपर्यंत आमच्या सर्क्युलेटिंगवालीने (जी स्क्रब न होता बाहेरून सामान देते-घेते) पिशव्या उघडून एक एक स्वॅब प्लास्टिकवर मांडला. शेवटी तो सापडला ड्रेपच्या, म्हणजे पेशंटवर पसरलेल्या निर्जंतुक कापडाच्या घडीत, रक्ताने भिजून कापडाला असा चिकटलेला की कापडाचाच भाग वाटावा. सर्जन म्हणाले, "थँक यू, आता बंद करूया?" बस एवढंच. मला त्या एका थँक यूने केवढं बळ आलं ते सांगता येत नाही. विद्यार्थिनी असले तरी थांबवायचा हक्क माझा होता, आणि हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात ते उगाच नाही.

रिकव्हरीला बाकीचे विद्यार्थी हलकं समजतात, मला ते पटत नाही. भूल उतरताना श्वास अडकला तर ते ओळखायला तुमच्याकडे काही सेकंदच असतात, आणि समोरचा माणूस बोलू शकत नसतो.

तिसऱ्या वर्षी थिएटर मॅनेजमेंट आलं आणि मला वाटलेलं हे कागदी असणार. कोऑर्डिनेटरच्या मागे दोन आठवडे फिरले तेव्हा कळलं. डब्ल्यूएचओची सेफ्टी चेकलिस्ट 2008 ची, तिचे तीन टप्पे, साइन इन (भुलीआधी), टाइम आउट (चिरा देण्याआधी), साइन आउट (पेशंट बाहेर नेण्याआधी). इंग्लंडमध्ये त्याला सकाळचं टीम ब्रीफ आणि शेवटचं डीब्रीफ जोडून पाच पायऱ्या करतात. ते ब्रीफ नीट झालं तर अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात. डायबेटिसवाला पेशंट उपाशी ताटकळू नये म्हणून शक्यतो आधी घ्यायचा, लेटेक्स ॲलर्जी असेल तर रूम त्याप्रमाणे तयार करायची, चौथ्या केसचा इन्स्ट्रुमेंटचा ट्रे स्टरलायझेशनहून आलाच नसेल तर ते आठ वाजता कळायला हवं, पेशंट टेबलावर घेतल्यावर नाही. एक दिवस आम्ही ट्रे आधी शोधला, तो ओल्या रॅपरमुळे बाद करावा लागला, दुसरा मागवायला वेळ होता म्हणून केसचा क्रम बदलला आणि एकही ऑपरेशन रद्द झालं नाही. त्या दिवशी घरी जाताना जेवढं समाधान होतं तेवढं पहिल्यांदा स्क्रब झाले तेव्हा पण नव्हतं.

मग पोर्टफोलिओ, शेवटच्या सह्या, निकाल, एचसीपीसीचा फॉर्म आणि फी. रजिस्टरवर नाव दिसायला लागेपर्यंत मी रोज शोधून बघायचे. दिसलं त्या सोमवारी सकाळी मशीनच्या वहीसमोर उभी होते. तोपर्यंत माझ्या सहीखाली कायम दुसऱ्या कोणाची तरी सही असायची. मागे जाऊन बॅग काढली, दाबली, परत हुकला अडकवली आणि सही केली. त्याच्या खाली आता कोणी सही करणार नव्हतं. साडेआठला पहिला पेशंट आला, खूप घाबरलेला, मी त्याचा हात धरला आणि नाव विचारलं.