पाचशे रुपयांच्या दंडाने काय साधते?

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात देहविक्रयासाठी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायांविषयी तक्रार झाली, की उपाय म्हणून बहुतेकांना पोलिसांची गाडीच आठवते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यातील कलम ८ नुसार सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कलम १० अ प्रमाणे तिला दोन ते पाच वर्षे सुधारगृहातही ठेवता येते. दंडासाठी उसने घेतलेले पैसे ती कुठून फेडणार, हा प्रश्न मात्र कोर्टात कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील सिअॅटल शहरात २०११ पासून बेलटाऊन भागात वेगळी वाट धरली गेली. अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यात किंवा देहविक्रयात सापडलेल्या व्यक्तीवर खटला भरण्याऐवजी पोलीस तिची गाठ एका कार्यकर्त्याशी घालून देतात आणि निवारा, दवाखाना, व्यसनावरचे उपचार यांची सोय तेथून पुढे होते. आधी व्यसन सोड, मग मदत मिळेल, अशी अट तेथे घातली जात नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडची मुळे अर्थातच निराळी आहेत. बेळगाव मुंबई प्रांतात असताना, १९३४ मध्येच, देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला आणि १९८२ मध्ये कर्नाटकाने स्वतःचा कायदा केला. तरीही सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून मुली सोडणे लगेच थांबले नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या घटप्रभा गावी १९९७ पासून देवदासी स्त्रियांचीच ‘मास’ ही संस्था उभी राहिली, कारण ज्या घरात मुलगी सोडण्याचे घाटते आहे त्या घराच्या उंबऱ्यावर स्वतः देवदासी असलेली एखादी बाई जितक्या हक्काने बसू शकते, तितक्या हक्काने सरकारी अधिकारी बसू शकत नाही.

म्हणूनच पोलिसांनी बाईला सोपवायचे, तर अशाच बायांच्या हाती सोपवावे, आणि तेही तिच्या संमतीने. कुंटणखान्यावर छापा घालताना स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या सज्ञान स्त्रियांना अटक करू नये किंवा छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात बजावलेच आहे. मिरजेला एचआयव्हीची औषधे घेणारी बाई चिकोडीला परतली, तर तिचा उपचार राज्याच्या हद्दीवर तुटू नये, यासाठी दोन्हीकडच्या केंद्रांनी एकमेकांशी बोलत राहिले पाहिजे. आणि रात्री ठाण्यातून फोन आल्यावर उठून जाणाऱ्या अशा कार्यकर्तीला दरमहा नियमित पगार मिळाला पाहिजे. पुण्यकर्म म्हणून हे काम तिच्यावर सोपवणे मला अन्यायाचे वाटते.