एन्ट्रीला टाळी नाही म्हणजे काय!

२०२४ मध्ये लंडनला हेमार्केटच्या थिएटर रॉयलमध्ये ‘वेटिंग फॉर गोदो’ बघितलं, गोदो नावाच्या कोणाची तरी वाट बघत बसलेल्या दोन माणसांचं बेकेटचं नाटक. ती दोन माणसं म्हणजे बेन व्हिशॉ आणि लुशियन मसामाटी. नाटकाबद्दल लिहायचं ठरवलं होतं पण डोक्यात दुसरंच घोळतंय. व्हिशॉ, म्हणजे बाँडपटातला क्यू, स्टेजवर दिसला आणि भरलेल्या थिएटरमध्ये एक टाळी नाही! माझे हात आपोआप उठले, दोनदा वाजलेसुद्धा, मग कळलं की एकटीच वाजवतेय. कोणी वळून बघितलं नाही, पण ती शांतता अंगावर आली.

खरं सांगते, राग आला. आपल्याकडे एन्ट्रीला टाळी पडते ती काय नुसता चेहरा बघून पडते? इतकी वर्षं त्या माणसाने जे दिलंय त्याला तो नमस्कार असतो. प्रशांत दामल्यांनी २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, असा माणूस विंगेतून बाहेर आल्यावर हात मांडीवर राहतीलच कसे? इथे स्टार तीन महिने येतो नि जातो, आपले नट रात्रभर बसने प्रवास करून दुसऱ्या गावी परत तोंडाला रंग लावतात. टाळी त्याचीही असते.

पण मग मसामाटी पायातला बूट ओढायला लागला. बूट निघेना. मी पार वर बसलेले तरी त्याची धाप ऐकू येत होती, आणि माझ्यासारख्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या तर काही वेळ क्यूच दिसत राहिला असता, भुकेने आणि वाट बघून दमलेला तो माणूस नाही, हे मानायलाच हवं.

मध्यंतरात शेजारच्या आजींना विचारलंच. त्यांनी २००९ मध्ये याच थिएटरात इयन मॅकेलन आणि पॅट्रिक स्टुअर्टचा ‘गोदो’ बघितला होता, त्याबद्दल भरभरून बोलल्या, मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, तुझी टाळी मी ऐकली, छान वाटलं, पण आम्ही ती शेवटपर्यंत जपून ठेवतो.

पटलं असं नाही म्हणणार. पुढच्या सुट्टीत आपलं नाटक बघायला गेले की एन्ट्रीला वाजवणारच.

नाटक संपलं, दिवे लागले आणि आमच्या रांगेत सगळ्यात आधी उभ्या राहिल्या त्या आजी. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी काठी माझ्याकडे दिली.