१२८ ठिपक्यांतली माणसं

दुपारी जरा निवांत होते म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर टाकायला घेतले. कॉपी झाल्यावर फोल्डर उघडला तर आत नुसती कोरी पानं. प्रत्येक पानाचा एक कोपरा दुमडलेला आणि त्यावर चार अक्षरं, जेपीईजी. खाली नावं म्हणजे कॅमेऱ्याने ठेवलेली: आयएमजी ०४१२, ०४१३, ०४१४. कॅमेऱ्यांच्या जगात तसा नियमच आहे, आधी चार अक्षरं (आयएमजीनंतरची आडवी रेघ धरून), मग चार आकडे, आणि ९९९९ झाले की गाडी पुन्हा ०००१ वर. त्यामुळे माझ्याकडे एकाच नावाचे फोटो वेगवेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदताहेत, आणि नावावरून कुणाचाच पत्ता लागत नाही.

मग मी माझी लाडकी युटिलिटी, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, काढली. एवढीशी आहे. धड मेन्यू नाही, मदतीचं पान नाही. आपण फोल्डर उचलायचा, तिच्या डोक्यावर नेऊन सोडायचा आणि गप्प बसायचं. ती एकेक फाइल उघडते, आतल्या फोटोची छोटी प्रत काढते आणि त्या फाइलीला आयकॉन म्हणून चिकटवते. डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, कोऱ्या पानांच्या जागी रंग यायला लागतात. हे चालू असताना मी माऊसला हात लावत नाही. मध्येच स्क्रोल केलं म्हणून काही बिघडत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी नाही लावत. शेवटची ओळ भरेपर्यंत फोन आला तरी नंतर करते म्हणून सांगते.

आत काय चालतं ते कळल्यापासून तर आणखीच बघत बसावंसं वाटतं. साधा ४००० बाय ३००० चा फोटो घ्या. १ कोटी २० लाख ठिपके. त्याचा १२८ बाय ९६ चा आयकॉन करायचा म्हणजे शेवटी उरणार १२,२८८. जवळजवळ हजारांमागे एक निवडून येतो म्हणा ना. आता ही निवडणूक घ्यायची कशी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. सगळ्यात आळशी रीत म्हणजे ठरावीक अंतरावरचा एक ठिपका उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. या रीतीने चौकड्याच्या शर्टाची जी वाट लागते ती बघण्यासारखी असते. चौकडी गायब होते आणि माणसाच्या पोटावर भलत्याच लाटा उठतात. शहाणी रीत म्हणजे शेजारपाजारच्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढायची. त्याहून शहाण्या रीतींना भारदस्त नावं आहेत, बायलिनिअर, बायक्युबिक, आणि एक लांत्सोश, हंगेरियन गणितज्ञाच्या नावावरून. माझ्या युटिलिटीत यातलं काही निवडता येत नाही. तिला जे करायचं ते ती करते, आणि चौकड्याचे शर्ट बरे दिसतात, म्हणजे आळशी नसावी.

जेपीईजीमध्ये तर एक सोयच करून ठेवली आहे. तो फोटो मुळातच ८ बाय ८ च्या चौकटींत कापून साठवलेला असतो, आणि प्रत्येक चौकटीच्या ६४ आकड्यांतला पहिला आकडा त्या चौकटीची सरासरी सांगतो. घाईत असलेला प्रोग्रॅम तेवढ्यावर भागवतो, उरलेल्या ६३ आकड्यांचं गणितच मांडत नाही. एक अष्टमांश मापाचं चित्र आयतं हातात. छोटं करायला फार कष्ट पडत नाहीत ते असं.

बरं, तर आयकॉन भरले आणि मी नेहमीसारखी बघत बसले. उघडून नाही, तसेच.

१२८ ठिपक्यांत चेहरा उरत नाही. लांबून काढलेला फोटो असेल तर डोळे म्हणजे दोन गडद कण, तोंडाच्या वाट्याला फार तर एक. आणि तरीही माणूस ओळखू येतो, चटकन ओळखू येतो, कधीकधी मोठ्या फोटोतल्यापेक्षाही लवकर. कारण उरते ती उभं राहायची तऱ्हा. माझा धाकटा भाऊ कुठल्याही फोटोत एका पायावर सगळा भार टाकून उभा असतो, लहानपणापासून. एक खांदा खाली, एक वर. आमच्या घरच्यांना फोटो काढताना हातांचं काय करायचं ते अजून समजलेलं नाही, त्यामुळे दोन्ही हात खिशात आणि कोपरं बाहेर. आत्या हात मागे न्यायची आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून उभी राहायची, म्हणून छोट्या चित्रात आत्याला हातच नसतात. एक मैत्रीण आहे, ती फोटो काढेपर्यंत थांबतच नाही. तिच्या जागी प्रत्येक आयकॉनमध्ये एक पुसट पट्टा आहे आणि तो पट्टा म्हणजे तीच, शंकाच नाही. गंमत म्हणजे मी मलाच ओळखू येत नाही. दर वेळी मनात येतं, ही कोण पोक काढून उभी आहे?

मोठा फोटो उघडला की मी आधी दात बघते, मग केस, मग मागे भिंतीशी राहून गेलेली बादली. बादली एकदा दिसली की संपलं, नंतर दुसरं काही दिसत नाही. छोट्यात बादलीही नसते. तिथे दिसतं ते वेगळंच: उजेड कुठून येतोय, कोण कुणाला चिकटून उभं आहे आणि कोण दोन हात लांब. घरातल्या कुठल्या दोन माणसांचं कुठल्या वर्षी बिनसलं होतं ते मी आयकॉनवरून सांगू शकते. मोठ्या फोटोत दोघंही हसताहेत. चित्रकार अधूनमधून मागे सरकून डोळे किलकिले करून स्वतःच्याच चित्राकडे बघतात, ते याचसाठी असणार.

छोट्या फोटोंचा हा नाद मला मामामुळे लागला. मामा घरच्या घरी फोटो धुवायचा. न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद, लाल दिवा, फळीवर तीन ट्रे, आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, तो आंबट वास, जो नंतर टॉवेलला दोन दिवस यायचा. मला आत यायची परवानगी एका अटीवर: दाराला हात लावायचा नाही. मामा धुतलेला रोल कापून सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या करायचा, त्या आठ बाय दहा इंची कागदावर शेजारी शेजारी मांडायचा, वर काच ठेवून दाबायचा आणि क्षणभर पांढरा दिवा लावायचा. मग तो कागद पहिल्या ट्रेमध्ये. ट्रे हलका हलका डुलवत राहायचं. थोडा वेळ काहीच नाही. मग कुठेतरी एक काळी रेघ, कुणाचे तरी केस, खिडकीची चौकट, आणि बघता बघता छत्तीसच्या छत्तीस एकदम वर यायचे. एखादा फोटो मोठा करतानाही मी तिथे असायची, पण त्यात ही मजा नव्हती. तिथे एकच काय तो यायचा.

या कॉन्टॅक्ट शीटवर फिल्मच्या कडाही छापल्या जात. काळी पट्टी, तिच्यात चौकोनी भोकं आणि बारीक आकडे. २२, मग २२ए, मग २३. मला मोजता येत होतं आणि २२ आणि २३ च्या मध्ये काही नसतं हेही माहीत होतं. त्यामुळे ‘ए’वाले फोटो मामा कुठेतरी लपवून ठेवतो असा माझा बरीच वर्षं संशय होता. मामा त्यावर कधी हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

शीट वाळली की तो भिंग लावून बसायचा आणि मेणाच्या लाल पेन्सिलीने काही चौकोनांना गोल करायचा. तेवढेच मोठे व्हायचे. बाकीचे तिथेच. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी चौकटीतून अर्धं बाहेर, कुणी भलतीकडेच बघणारं. काम झालं की शीट मला मिळायची आणि मी ती कात्रीने कापायची. फिल्मवरचा एक फोटो २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि काडेपेटीच्या ड्रॉवरमध्ये तो बेतल्यासारखा बसतो. मोठे झालेले अल्बमात गेले, माझ्या काडेपेटीत सगळे नापास. दुपारी गादीवर पडून ते एकेक काढून बघायचे, परत लावायचे. अल्बम मी फारसा उघडत नसे. त्यात सगळे नीट बसलेले होते.

मुलगा म्हणतो, आई, सेटिंगमध्ये प्रिव्ह्यू दाखवा अशी एक चौकट आहे, तिथे खूण कर, हे सगळं आपोआप होतं. होतं, ठाऊक आहे मला. फोनवरही आपोआप होतं, आणि तिथे काय होतं तेही बघितलंय. फोन प्रत्येक फोटो चौकोनी कापतो. चौकोन भरला पाहिजे म्हणून दोन्ही कडा उडवतो. सात जणांच्या फोटोत पाच उरतात. आता शाळेपासून आजपर्यंत मला कुणी मधे उभं केलेलं नाही, मी कायम रांगेच्या टोकाला, त्यामुळे फोनच्या गॅलरीत मी जवळपास कुठेच नाही. माझी युटिलिटी अख्खा फोटो मावेल इतका छोटा करते आणि वर-खाली जागा उरली तर उरू देते. पोक काढून का होईना, मी असते.

आणि आपोआपवाल्यांच्या तऱ्हाही काही कमी नाहीत. विंडोज पूर्वी प्रत्येक फोल्डरात थम्ब्स डॉट डीबी नावाची एक लपलेली फाइल करायचं आणि सगळी छोटी चित्रं त्यात कोंबायचं. मूळ फोटो काढून टाकला तरी त्याची छोटी प्रत बऱ्याचदा तिथे तशीच राहायची. गुन्ह्यांचा तपास करणारे आवर्जून ती फाइल उघडत. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून हा कारभार वापरणाऱ्याच्या खात्यात एका जागी गेला. लिनक्स जास्त शिस्तीचं. तिथे प्रत्येक छोट्या चित्राला मूळ फोटोच्या पत्त्यावरून बनवलेलं बत्तीस अक्षरी नाव, आत मूळ फोटो शेवटचा कधी बदलला त्याची नोंद, आणि ती वेळ जुळली नाही की चित्र पुन्हा नवं. ज्या फाइलींचं चित्र करायला गेलं आणि जमलं नाही, त्यांच्यासाठी ‘फेल’ नावाचा वेगळा फोल्डर, म्हणजे त्यांच्यामागे पुन्हा पुन्हा वेळ घालवायला नको.

माझ्या युटिलिटीकडे असली काही नोंद नाही. तिने एकदा आयकॉन चिकटवला की चिकटवला. मग फोटोतला उजेड वाढवा, कृष्णधवल करा, मागची बादली पुसून टाका, फाइलीवर चित्र पहिलंच. मेलने पाठवला की बहुधा तो आयकॉन वाटेतच गळून पडतो आणि समोरच्याला नुसता फोटो पोचतो, पण माझ्याकडे तो जसा होता तसा असतो. दोष म्हणायचा तर म्हणा. मी म्हणत नाही.

त्या दुपारी एका फाइलीपाशी मात्र ती अडली. सगळ्या ओळी भरल्या आणि मधे एक कोरं पान राहिलं. उघडून बघितलं तर वर आभाळाची एक पट्टी, त्याखाली काही डोकी भुवयांपर्यंत, आणि तिथून खाली सगळं सपाट करडं. कार्डावरून उतरवताना कधीतरी अर्ध्यात तुटली असणार. पण डिजिटल कॅमेरे फोटो काढतानाच फाइलीच्या सुरुवातीला १६० बाय १२० ची एक प्रत ठेवून देतात, एक्झिफ नावाच्या नोंदीत तारीख-वेळेच्या शेजारी. फाइलीचं शेपूट तुटलं तरी ही प्रत डोक्याकडे असल्यामुळे बचावते. दुसऱ्या एका प्रोग्रॅमने ती बाहेर काढली. अख्खी निघाली. भिंतीपुढे रांगेत सगळे उभे. भाऊ ओळखला, एका पायावर. डावीकडच्या टोकाला बिनहातांची एक बाई.

भावाला फोन केला, म्हटलं आत्याचा एक फोटो सापडलाय, त्या वर्षीचा. आत्या त्यानंतर फार दिवस नव्हती आणि त्या वर्षातला तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तो म्हणाला, त्या दिवशी आत्या आलीच नव्हती, बरं नव्हतं तिला, त्या शेजारच्या काकू असतील. मी म्हटलं, हात बघ ना. तो म्हणाला, हात मागे घेऊन काय फक्त आत्याच उभी राहायची? बराच वेळ वाद घातला. शेवटी म्हणाला, मोठा करून पाठव. मोठा करण्यासारखं त्यात काही नाही, एवढेच ठिपके आहेत, हे त्याला समजावून सांगितलं. त्याला पटलं नाही. तसाच पाठवला.