सायमन्स टाउनची वेस राखणारी माणसं

केपटाउनला आम्ही आठ दिवस होतो. टेबल माउंटन, रॉबेन आयलंड, द्राक्षमळे, पेंग्विन सगळं पाहून झालं आणि आवडलंही. त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते केपटाउनच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या सायमन्स टाउनच्या वरच्या डोंगरउतारावर पाहिलेल्या एका सकाळबद्दल, आणि बबूनांना, म्हणजे तिथल्या मोठ्या माकडांना, गावात शिरू न देणाऱ्या रेंजरांबद्दल.

केपच्या द्वीपकल्पावर पाचशेच्या वर बबून राहतात. जात चकमा. पूर्ण वाढलेला नर तीस किलोच्या पुढे, मादी त्याच्या जेमतेम निम्मी. नराचे सुळे बघितले की आपल्याकडचा हुप्प्या अगदी सौम्य वाटतो. मूळ अडचण भूगोलाची आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला फॉल्स बे हा उपसागर, आणि आफ्रिकेकडे जाणारी सगळी सपाट जमीन घरांनी भरलेली. आफ्रिकेतल्या बाकीच्या बबूनांशी इथल्यांचा संबंध कधीच तुटलाय. वयात आलेला नर आपली टोळी सोडून दुसरीत जातो, हा निसर्गक्रम. पण इथे दुसऱ्या टोळीकडची वाट बहुधा कुणाच्या तरी परसातून जाते. डोंगरपायथ्याची पाणी-माती असलेली चांगली जमीन माणसांनी घेतली आणि बबूनांना उरला वरचा खडक. मग ते खाली उतरतात म्हणून तक्रार कसली करायची?

पहाटे, नीट उजाडायच्या आत, रेंजर कड्याखाली उभे होते. बबून रात्री कड्यावर नाहीतर उंच झाडांवर झोपतात. टोळी संध्याकाळी कुठे टेकली हे शेवटच्या पाळीने बघायचं आणि सकाळच्या पाळीला सांगायचं. हा निरोप चुकला की दिवस हातचा गेला. टोळी कुठल्या घळीतून उतरणार हेच कळत नाही, आणि सापडेपर्यंत ती छपरांवर पोहोचलेली असते. डोंगरावर तिला अडवता येतं. गावात शिरल्यावर छपरं, कुत्री, गाड्या, मोबाइल घेऊन धावणारी माणसं मध्ये येतात आणि पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणारी, बंदूक फार जपून चालवावी लागते.

रेंजर टोळी आणि घरं यांच्या मधोमध रांग धरतात. दोन रेंजरांमधलं अंतर एवढंच, की मधून कुणी निसटलं तर दोघांपैकी एकाला दिसावं. टोळी चरत खाली सरकू लागली की आधी नुसतं पुढे होऊन उभं राहायचं. मग आवाज. मग पेंटबॉल, तोही पहिल्यांदा जमिनीवर किंवा खडकावर. तोंडावर कधीच नाही, पिल्लू पोटाशी धरलेल्या मादीवर तर नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची वाट मोकळी ठेवायची. चारी बाजूंनी घेरलेली टोळी घाबरून फुटते, आणि फुटलेली टोळी हीच रेंजरांची खरी डोकेदुखी. चाळीस जनावरांच्या एका टोळीला एक रांग पुरते. तिचे तीन तुकडे झाले तर तीन रांगा लागतात, आणि माणसं तेवढीच असतात.

त्या सकाळी टोळी फुटली नाही. आठच्या सुमाराला एक मादी रांगेपासून वीसेक पावलांवर येऊन बसली. पाठीवर पिल्लू. तिने दोन्ही हातांनी माती उकरली, एक कंद ओढून काढला, तळव्यावर घासून माती झाडली, वरचं तंतुमय साल दातांनी सोलून थुंकलं आणि आतला पांढरा गोळा खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. इथल्या फिनबॉस झुडपांमध्ये कंदवाल्या वनस्पती भरपूर. त्यातल्या एका फुलझाडाचं नावच बबियाना, बबून त्याचे कंद खातात म्हणून पडलेलं. द्वीपकल्पाच्या टोकाला, केप पॉइंटकडच्या टोळ्या तर ओहोटीला खडकांवर उतरून शिंपले खातात. म्हणजे डोंगर उपाशी ठेवत नाही. पण एका कंदासाठी एवढी खटपट, आणि खालच्या घरातला पाव दोन मिनिटांत पोटात जातो. पावाचा सौदा कुठलंही शहाणं जनावर निवडेल. म्हणून डोंगर कितीही राखला तरी खालचा पाव बंद झाल्याशिवाय हे बबून वाचत नाहीत, असं माझं ठाम मत झालंय.

आणि तो पाव कुठून मिळतो ते त्या चार गल्ल्यांत स्पष्ट दिसतं. कंपोस्टचा उघडा ढीग, कुत्र्याची बाहेर ठेवलेली ताटली, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, न उतरवलेली अंजिरं. दाराला आडवी मूठ असेल तर बबून ती खाली दाबून आत येतो. गोल मूठ त्याला जड जाते. खिडकीच्या गजांमधून मोठा नर शिरत नाही, पण पोर शिरतं आणि आतून डबा बाहेर आणतं. घरात शिरलाच तर त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही, बाहेरचं दार उघडं टाकून बाजूला व्हायचं. हातातलं त्याने ओढलं तर सोडून द्यायचं. माणसाला चावा बसतो तो बहुतेक वेळा ही ओढाओढ चालू असताना.

कुंपणाचं काय, असं आम्हीही विचारलं. केपटाउनच्या टोकाई उपनगराजवळ झ्वान्सवाइकला विजेचं कुंपण घातलंय आणि तिथे त्याचा मोठा उपयोग झाला. पण ते घालून विसरायचं काम नाही. झटका असतो काही हजार व्होल्टचा, क्षणभराचा, साधारण सेकंदाला एक. तारेला ओलं गवत टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि पुढचं कुंपण नुसतं दिसायला उरतं. जवळच्या झाडाची एक फांदी लांबली की तीच उडीची फळी होते. खालून उकरू नये म्हणून जाळी जमिनीत वळवून पुरावी लागते. फाटक उघडं राहिलं तर सगळं फुकट. झ्वान्सवाइकला घरांची कड सरळ आहे. सायमन्स टाउनला मात्र डोंगर थेट समुद्रात उतरतो, घरं उतारावर वेडीवाकडी पसरलेली आणि मधून रस्ता. तिथे कुंपण काही भागात चालेल. बाकी भागात माणसंच उभी राहावी लागतील.

रस्त्याचं सांगताना माझा तोल थोडा जाणार आहे. सायमन्स टाउनहून मिलर्स पॉइंटवरून केप पॉइंटकडे जाताना जागोजागी पाट्या आहेत, खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, तरी पर्यटकांच्या गाड्या थांबतात, काच खाली होते, केळं बाहेर येतं. त्यात आपली माणसंही असतात. ताम्हिणीत आणि खंडाळ्याला हीच सवय लागलेली, मारुतीरायाचं रूप म्हणून हात जोडून. भावनेत खोट नाही. पण याच रस्त्यावर फ्रेड नावाचा एक नर गाड्यांची दारं उघडून आत बसायला शिकला. चालकाने एक दार उघडलं की सेंट्रल लॉकमुळे चारही उघडतात, आणि बबून पलीकडच्या बाजूने शिरतो. फ्रेड माणसांना चावू लागला. 2011 साली त्याला पकडून मारलं. तेव्हा या रस्त्यावर काचा वर ठेवा, दारं नुसती बंद नको, लॉक करा, आणि उतरायचंच असेल तर आधी चारही बाजूंना बघा.

पकडून दुसरीकडे सोडणं हा उपायही ऐकायला सोपा वाटतो. 2020 साली द्वीपकल्पावरच्याच कोमेकी गावाजवळच्या टोळीतला कताझा नावाचा नर, माद्यांना घेऊन गावात शिरतो म्हणून टोकाईला नेला. तो तिथल्या टोळीत मिसळला नाही, एकटाच वस्त्यांमधून भटकत राहिला. लोकांनी आवाज उठवला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि त्याला परत आणावं लागलं. नवी टोळी नव्या नराला चहापाण्याने घेत नाही, आणि चटावलेला नर सवय सोबत घेऊनच जातो.

दहाच्या सुमाराला आम्ही रेंजरांबरोबर खाली उतरलो. कचऱ्याचा दिवस होता. चाकांचे मोठे हिरवे-काळे डबे फाटकांबाहेर रांगेत. झाकणाला बबूनसाठी खिट्ट्या असतात, पण गाडीला डबा उलटा करता यावा म्हणून लोक त्या सकाळीच काढून ठेवतात. काही डबे इतके भरलेले की झाकण मिटतच नव्हतं, आणि फटीतून कोंबडीच्या हाडांची पिशवी डोकावत होती. गाडीची वेळ होऊन गेली होती, गाडी आली नव्हती. वर कड्याच्या कडेला टोळीतली दोन पोरं उठून उभी राहिली आणि गल्लीकडे बघू लागली. एक रेंजर रांगेतच थांबला. दुसरा काही न बोलता गल्लीच्या टोकाला गेला आणि एकेका डब्यातली पिशवी आत दाबून खिट्ट्या लावत निघाला. डावीकडची, उजवीकडची, मग पुढचा डबा. आम्ही पलीकडची बाजू घेतली. शेवटच्या डब्याशी पोहोचेपर्यंत वरची पोरं खाली बसली होती आणि पुन्हा माती उकरत होती.