सहाच्या आत

मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवतेय. दिवसा लहान मुलांची शाळा भरते त्याच इमारतीत साडेसहाला आमचे वर्ग सुरू होतात आणि साडेनऊला सुटतात. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची आहेत. त्यांवर चाळिशी ओलांडलेले एक वॉचमन काका, दिवसभर कुरिअर पोचवणारा विशीतला पोरगा, घरोघरी पोळ्या-भाजी करणाऱ्या तीन-चार ताया गुडघे आखडून बसतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आमची शाळा त्याच वाटेवरची आहे असं मी मनापासून मानते. इथे शिकायला येणारा माणूस आठ-दहा तास राबून आलेला असतो, आणि त्याने विचारलेला प्रश्न बहुधा त्याच्या त्या दिवसातून उचललेला असतो.

त्या बुधवारी फ्युचर परफेक्ट टेन्स शिकवायचा होता, म्हणजे मराठीतला पूर्ण भविष्यकाळ. खरं सांगायचं तर हा काळ मी दरवर्षी अर्ध्या तासात उरकत आले होते. रचना सोपी आहे. 'विल हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता कोणीही असो, 'विल'च्या मागून 'हॅव'च येणार, 'ही विल हॅज' कधीच नाही. जुन्या व्याकरणांत 'आय' आणि 'वी'साठी 'शॅल हॅव' दिलेलं असतं, पण आता सगळ्यांना 'विल' चालतं. एवढं सांगायचं, सहा वाक्यं फळ्यावर लिहायची, खाली मराठी अर्थ द्यायचा, वर्ग उतरवून घेतो, पुढचा धडा.

पहिलं वाक्य लिहिलं, 'आय विल हॅव ईटन.' खाली अर्थ, 'मी जेवलो असेन.'

कुरिअरवाल्या पोराने हात वर केला. "बाई, हे मराठी बरोबर वाटत नाही."

"का रे?"

"तो जेवला असेल, असं म्हणतो ना आपण? नक्की माहीत नसतं तेव्हा म्हणतो. मी जेवलो की नाही ते मलाच माहीत नाही, असं कसं होईल?"

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळून ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की पोरगा शंभर टक्के बरोबर बोलतोय. जिने चढून फलाटावर पोचेपर्यंत आपण म्हणतो, 'गाडी गेली असेल.' रात्री उशिरा दार वाजवण्याआधी म्हणतो, 'आई झोपली असेल.' रूप भविष्याचं आहे, पण गोष्ट घडून गेलेली आहे आणि आपण फक्त अंदाज करतोय. इंग्रजीतही 'विल हॅव' अशा अंदाजासाठी येतं. 'ही विल हॅव रीच्ड बाय नाऊ', म्हणजे एव्हाना तो पोचला असेल. तेव्हा माझं भाषांतर अगदीच चूक नव्हतं, पण मला जो अर्थ शिकवायचा होता तो त्यातून निसटत होता. पुढे येणाऱ्या एका वेळी एखादं काम पुरं झालेलं असणं, हा तो अर्थ. तो सांगणारं मराठी वाक्य मला त्या क्षणी सुचेना. अकरा वर्षं मी हेच भाषांतर देत होते आणि कोणी विचारलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. किती जणांनी ते न समजता घोकलं असेल!

"तुझा प्रश्न बरोबर आहे," मी म्हणाले. "सुट्टीनंतर उत्तर देते." आणि घंटा झाली.

सुट्टीत एक ताई टेबलाशी आल्या. पाच घरी स्वयंपाक करतात, आणि त्यांनाही घरोघरी 'बाई' म्हणूनच हाक मारतात. यंदाच्या जूनमध्ये त्यांनी ठरवलं होतं की एका घरच्या मॅडमना निरोप पाठवायचा तो इंग्रजीतच, स्वतः टाइप करून. शिकलेलं वापरायचं, एवढाच हेतू. त्यांनी फोन पुढे केला. काचेला वरच्या कोपऱ्यातून तडा गेलेला, आणि फोन धरलेल्या अंगठ्याचं नख हळदीने पिवळं. आदल्या दिवशीचा निरोप होता, 'मॅडम, आय विल कुक ऑल अंटिल सिक्स.' त्याखाली संध्याकाळी उशिरा आलेलं उत्तर, 'यू सेड अंटिल सिक्स. व्हाय डिड यू लाय?'

"बाई, लाय म्हणजे खोटंच ना?"

"हो."

"मग मी काय खोटं बोलले?"

झालं होतं ते असं. मॅडमकडे रात्री दहा माणसं जेवायला यायची होती. ताईंनी डाळ, भात, दोन भाज्या, कोशिंबीर आणि तीस पोळ्या असं सगळं सव्वापाचलाच आटपलं, ओटा पुसला, किल्ली खाली वॉचमनकडे दिली आणि त्या पुढच्या घरी गेल्या. पावणेसहाला गॅसवाला सिलेंडर घेऊन आला, दाराला कुलूप बघून परत गेला. सहापर्यंत घरात माणूस आहे या भरवशावर मॅडमनी त्याला ती वेळ दिली होती.

"मी सहापर्यंत करते म्हटलं आणि सव्वापाचलाच करून ठेवलं," ताई म्हणाल्या. "लवकरच केलं ना बाई?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं की बिघडलं कुठे.

मी त्यांना म्हटलं, "ताई, इंग्रजी सोडा. निरोप लिहिताना मनात काय होतं ते मराठीत सांगा."

त्या म्हणाल्या, "मला म्हणायचं होतं, सहाच्या आत सगळं झालेलं असेल."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर ते लिहून घेतलं. कुरिअरवाल्या पोराचं उत्तर आणि ताईंचं उत्तर, दोन्ही त्या एका वाक्यात होती.

'पर्यंत' हा आपला शब्द दोन कामं करतो. 'सहापर्यंत थांब' म्हणजे आत्तापासून सहा वाजेस्तोवर सलग थांबून राहा. 'सहापर्यंत ये' म्हणजे एकदाच ये, पण सहा उलटू देऊ नकोस, साडेपाचला आलास तरी उत्तम. थांबणं, वाट बघणं, झोपणं ही चालू राहणारी कामं. येणं, पोचणं, संपवणं ही एकदाच घडणारी. क्रियापद ऐकलं की मराठी कान ओळखतो कुठला 'पर्यंत' आहे ते, म्हणून घरात आपली कधी चुकामूक होत नाही. इंग्रजीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. सलग चालणाऱ्याला 'अंटिल', मुदतीच्या आत उरकण्याला 'बाय'. ताईंच्या मनात मुदत होती. मॅडमनी वाचलं ते सलग चालणारं काम. 'कुक अंटिल सिक्स' म्हणजे ही बाई सहा वाजेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात असणार. मराठी माणसाच्या इंग्रजीत ही चूक मी शेकडो वेळा तपासली आहे, 'अंटिल' खोडून वर 'बाय' लिहिलं आहे. पण ती कुठून येते हे वर्गात नीट उलगडून कधी सांगितलं नव्हतं. ती चूक मराठीच्या चांगल्या जाणिवेतून येते, निष्काळजीपणातून नाही. आणि तिच्यामुळे एका प्रामाणिक बाईला 'लाय' ऐकून घ्यावं लागलं होतं.

दुसरी गोष्ट त्या 'झालेलं'मधल्या 'ले'ची. 'स्वयंपाक झाला असेल' म्हटलं की आपण अंदाज करतोय. 'तुम्ही याल तेव्हा स्वयंपाक झालेला असेल' म्हटलं की आपण त्या वेळची अवस्था सांगतोय, पातेली झाकून ओट्यावर तयार दिसताहेत. बोलताना ही रूपं कधी कधी एकमेकांच्या जागी येतात. 'तू येईपर्यंत तो जेवला असेल' असंही आपण म्हणतोच. पण स्वतःबद्दल बोलून पाहिलं की फरक लगेच कानाला लागतो. 'मी जेवले असेन' म्हणताना जीभ अडखळते. 'तू येशील तेव्हा मी जेवलेली असेन' हे सरळ येतं. पोराला खटकलं होतं ते नेमकं हेच.

सुट्टी संपल्यावर मी फळा पुसला आणि ताईंना विचारलं, "तुमचं वाक्य वर्गाला सांगू का?" त्या म्हणाल्या, "सगळंच सांगा, निरोपसुद्धा."

मग बाकं मागे सरकवली. खडूने तीन फरश्यांवर लिहिलं, एकीवर 'आत्ता', मधलीवर 'स्वयंपाक' आणि तिसरीवर 'सहा'. पोराला 'सहा'च्या फरशीवर उभं केलं.

"समज, सहा वाजलेत. मागे वळून बघ. काय दिसतं?"

"स्वयंपाक झालेला आहे."

"इंग्रजीत?"

"शी हॅज कुक्ड."

"आता परत 'आत्ता'वर ये आणि त्या सहाकडे बोट दाखवून तेच सांग."

तो आला, बोट केलं, जरा थांबला. "झालेला असेल. शी विल... शी विल हॅव कुक्ड." आणि मग स्वतःच म्हणाला, "बाई, म्हणजे पुढे जाऊन मागे बघायचं."

यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून देता येत नाही. पुढच्या एका क्षणाशी मनाने जाऊन उभं राहायचं आणि तिथून मागे वळायचं. मागे वळण्याचं काम 'हॅव' करतं, पुढे जाण्याचं 'विल' करतं, आणि उभं कुठे राहायचं ते 'बाय' सांगतं. तो 'बाय'वाला भाग नसेल तर 'आय विल हॅव ईटन' हे वाक्य लोंबकळतं. माझं फळ्यावरचं वाक्य तसंच लोंबकळत होतं, म्हणून त्याचं मराठीही अंदाजाकडे झुकलं.

वॉचमन काकांना त्यांची रात्रपाळी घालून वाक्य करायचं होतं. त्यांनी म्हटलं, 'बाय द टाइम द पेपर बॉय विल कम, आय विल हॅव स्विच्ड ऑफ द लाइट्स.' जवळजवळ बरोबर. फक्त 'बाय द टाइम'च्या मागून इंग्रजीत 'विल' येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो, 'बाय द टाइम द पेपर बॉय कम्स'. मराठीत आपण 'येईल तोवर' असं भविष्यातच म्हणतो, म्हणून तो 'विल' हमखास शिरतो. काकांनी तिसऱ्या खेपेला ते वाक्य न अडता म्हटलं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग मी दूरच्या तारखा दिल्या. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १६ एप्रिल २०५३ रोजी? 'ट्रेन्स विल हॅव बीन रनिंग हिअर फॉर टू हंड्रेड इयर्स.' हा त्याच काळाचा चालू अवतार, तो नुसता ओळखीपुरता दाखवला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं, मग १ मे २०६० रोजी? 'महाराष्ट्र विल हॅव कम्प्लीटेड वन हंड्रेड इयर्स.' कुरिअरवाला पोरगा बोटांवर काहीतरी मोजत होता. म्हणाला, "बाई, तेव्हा मी साठीला टेकलेला असेन." त्याने 'ले'सकट म्हटलं. मी ते तसंच फळ्यावर लिहिलं.

वर्ग सुटल्यावर ताई थांबल्या. निरोप लिहायचा होता. माझं मत होतं की माफी मागायची नाही, झालं ते सांगायचं. त्यांनी एकेक अक्षर शोधत स्वतः टाइप केलं, मी फक्त शेजारी उभी होते. 'मॅडम, आय डिड नॉट लाय. आय मेंट बाय सिक्स, नॉट अंटिल सिक्स. टुमारो बाय सिक्स आय विल हॅव कुक्ड एव्हरीथिंग. आय मे लीव्ह बिफोर सिक्स. प्लीज टेल द गॅस मॅन.'

बोलताना लोक याहून सुटसुटीत म्हणतात, 'आय विल बी डन बाय सिक्स', असं मी त्यांना सुचवलं. त्या म्हणाल्या, "नको बाई. आज शिकलेलंच जाऊ दे."

आम्ही जिना उतरलो तोवर उत्तर आलं नव्हतं. खाली शिपाईकाका फाटकाला कुलूप घालायला उभे होते. ताईंनी फोन पिशवीत टाकला आणि स्टेशनच्या दिशेने गेल्या. घरी पोचल्यावर मी माझी टिपणवही काढली आणि 'मी जेवलो असेन' खोडून त्यावर लिहिलं, 'तुम्ही याल तेव्हा मी जेवलेलो असेन.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन दाखवला. रात्री अकरा वाजता उत्तर आलं होतं. 'ओके. सॉरी. आय मिसअंडरस्टूड. गॅस विल कम ॲट फोर.' सिलेंडर चारला आला. ताईंनी तो उतरवून घेतला, पावतीवर सही केली, स्वयंपाक आटपला आणि साडेसहाला त्या आपल्या बाकावर येऊन बसल्या.